वायच कमी कर

माझी आई मासळी बाजारात सुरमई घेते तेव्हा आधी अंगठ्याने कल्ला उचलून बघते. लाल असला तरी तोंड वाकडं करते. मग "वायच कमी कर गो" म्हणते आणि उत्तराची वाट न बघता चालू लागते. तिसरं पाऊल पडायच्या आत मागून हाक येते. मालवणात भरडावर माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि गाड्यांच्या धंद्याशी माझा काडीचा संबंध नाही. तरीही गेली तीसेक वर्षं नात्यातला कोणी गाडी घ्यायला निघाला की मला बरोबर नेतो. आईचं शिक्षण मला थोडंफार उतरलंय, अशी त्यांची समजूत आहे.

माझ्या लहानपणी या शिक्षणाचा गाडीच्या बाबतीत काही उपयोग नव्हता. १९५९ च्या एका आदेशाने मोटारींची विक्रीच सरकारने नियंत्रणात घेतली होती. नाव नोंदवायचं आणि गप्प बसायचं. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीच्या फियाट बनत, कोकणातले निम्मे चाकरमानी त्याच मुंबईत राहत, पण नंबर लागायला वर्षं जात. थांबायचं नसेल तर ज्याचा नंबर लागलाय त्याला 'ऑन' द्यायचा, म्हणजे छापील किमतीच्या वर रोख. भाव होत असे तो या वरच्या पैशांचा. आमच्याकडे आणखी एक वाट होती, बोटीवरच्या माणसाची. परकीय चलनात पैसे भरले की स्कूटरचा किंवा गाडीचा नंबर लवकर लागे, म्हणून बोटीवर असलेल्या जावयाला गावात फार मान.

१९८३ मध्ये मारुतीने नोंदणी उघडली तेव्हा दहा हजार रुपये अनामत भरून लाखाहून अधिक लोक रांगेत उभे राहिले. गाडी पन्नास हजारांच्या आसपासची. कोणाला आधी मिळणार हे सोडतीवर ठरलं. १४ डिसेंबरला पहिली चावी दिली गेली. आमचा सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा अडीच वर्षांचा होता.

पारडं फिरलं ते १९९८ मध्ये. सँट्रो आली, टाटांची इंडिका येऊ घातली आणि ती यायच्या तोंडावर मारुतीने आपल्या किमती उतरवल्या. मारुती भाव उतरवते हे वाचून माझे एक काका पेपर हातात घेऊन दुकानात आले होते. बातमी छापताना चूक झाली असेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्या वर्षीपासून मला शोरूमची आमंत्रणं सुरू झाली.

स्पोर्ट्स कार मात्र आमच्या बोलण्यात कधी नसे. जांभ्याचे रस्ते, खड्डे आणि दर वाडीत एक गतिरोधक. जमिनीला टेकलेली गाडी इथे घ्यायची कोणी? तरी नव्वदीच्या शेवटी शेजारच्या गोव्यात खरोखरीची एक बनत होती. सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी, दोन सीट, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन, ताकद साठ अश्वशक्ती. आजच्या साध्या हॅचबॅकला त्याहून जास्त असते. पण ती उघड्या टपाची होती, आणि आमच्या पिढीला तेवढं पुरे होतं.

मग सचिनची फेरारी आली. २००२ मध्ये फियाटने ३६० मोडेना भेट दिली, निमित्त ब्रॅडमनच्या २९ शतकांशी झालेल्या बरोबरीचं. गाडीची किंमत पाऊण कोटीच्या घरात आणि तिच्यावरची जकात १ कोटी १३ लाख. सरकारने जकात माफ केली, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी २००३ मध्ये पैसे फियाटने भरले. आमच्या सलूनमध्ये पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. सचिनने भरायला हवे होते की नको, यावर गिऱ्हाइकांची मतं अर्धी दाढी झालेली असताना बदलत. मला लक्षात राहिलं ते वेगळंच. गाडीपेक्षा जकात मोठी. म्हणजे सूट मागायची तर ती शोरूममध्ये मागून उपयोग नाही.

आता भाच्याची गोष्ट. हा बोटीवर अधिकारी आहे. २०१६ मध्ये फोक्सवॅगनने बाहेरून आणलेली पोलो जीटीआय २५.६५ लाखांना काढली तेव्हापासून तो तिच्या फोटोंवर जगत होता. पुढच्याच वर्षी तिचा भाव १९.९९ लाख झाला. जवळजवळ पावणेसहा लाख उतरले! मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, बाराच्या पुढे बांगड्याचाही असाच होतो. भाचा नेमका तेव्हा समुद्रात होता आणि ते राहूनच गेलं.

२०१९ च्या डिसेंबरात सुट्टीवर आला तेव्हा त्याने एक छोटी टर्बोवाली गाडी पसंत केली. गाडीचं आणि शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण चार शब्द बोचरे आहेत. स्पोर्ट्स कार म्हणायला जरा धाडस लागतं, पण तो म्हणत होता. १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ गाड्या विकता येणार नव्हत्या आणि ही बीएस-४ होती. एवढं समजल्यावर मी पहाटे घाट चढून शोरूमला जायला तयार झालो.

सेल्समन पोरगा गोड होता. कोटेशनचा कागद पुढे आला. मी पेन्सिल घेतली आणि गाडीच्या किमतीला हातच लावला नाही. नवखा माणूस वरच्या आकड्याशी झुंजतो, खरा मेद खाली असतो. विमा शोरूमचाच, बाहेर चौकशी केली होती त्याहून अठरा हजारांनी जास्त. तो कुठूनही घेता येतो, ग्राहकावर सक्ती नसते. मग 'हँडलिंग चार्जेस', म्हणजे त्यांनी त्यांच्याच यार्डातून गाडी आणायची आणि पैसे आम्ही द्यायचे. कोटिंग, मॅट, मडफ्लॅप, सगळ्याचं मिळून 'पॅकेज'. मी एकेका ओळीवर रेघ मारत गेलो. पोरगा "सरांना विचारून येतो" म्हणून तीनदा आत गेला. आत सर होते की नाही देव जाणे, तिसऱ्या वेळी येताना त्याच्या ओठाला चहा लागलेला होता.

मग मी गाडी दाखवा म्हटलं, शोरूममधली नको, आम्हाला देणार ती. यार्डात ती धुळीत उभी होती. चॅसिसच्या प्लेटवरून बांधणीचा महिना काढला तर गाडी आठ महिन्यांची. हाच तो कल्ला. मी काही न बोलता भाच्याला म्हटलं, "चल, घाट उतरायला उशीर होईल." दारापर्यंत पोचलो आणि सर स्वतः बाहेर आले. सगळं मिळून ८५ हजार कमी झाले. डिसेंबरची अखेर, महिन्याचं टार्गेट आणि मार्चनंतर कवडीमोल होणारा माल, यातलं माझं कर्तृत्व किती हे मला माहीत आहे. भाच्याला सांगितलेलं नाही.

त्यात एक चूक झाली. परतीच्या वाटेवर लक्षात आलं की एक्स्टेंडेड वॉरंटीची ओळही मी रेघ मारून उडवली होती. तिसऱ्या वर्षी टर्बोने ४० हजारांचं बिल काढलं.

मधल्या काळात त्याला गोव्याचं वेड लागलं होतं. तिकडे कर कमी पडेल, म्हापशाला आत्या आहे, तिच्या पत्त्यावर पुढची गाडी घेऊ. बांद्याच्या अलीकडे जीए नंबरच्या गाड्या कमी दिसत नाहीत, तेव्हा कल्पना काही त्याची एकट्याची नव्हे. पण गाडी जिथे राहते तिथली नोंदणी हवी, आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा, असं कायदाच सांगतो. एमएच-०७ घ्यायचा तर महाराष्ट्राचा कर भरायचा. वैयक्तिक पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीसपर्यंत १२, वर १३. इथे कोणी सर आत जाऊन विचारून येत नाहीत.

२०२५ मध्ये भाचा चीफ ऑफिसर झाला आणि घरी कळवलं की या वेळी खरीखुरी घ्यायची. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, बाहेरून येणारी. मी हिशेब करून बसलो. सप्टेंबरात जीएसटी बदलून मोठ्या गाड्यांना सरळ ४० टक्के झाला होता, आधी उपकर धरून तो पंचेचाळीस-पन्नासपर्यंत जाई. ब्रिटनशी जुलैत झालेल्या करारात गाड्यांवरची शंभराच्या वरची जकात ठरावीक कोट्यापुरती दहा टक्क्यांवर आणायचं ठरलं होतं, पण ही गाडी ब्रिटनची नव्हे. अंदाजाने धरलेल्या किमतीवर १३ टक्के रस्ताकर साडेसहा लाख. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस लागतो, तो विवरणपत्रात परत मिळतो, त्याची काळजी नको. विम्याची तीन कोटेशनं मागवली. डिसेंबरअखेरीस जाऊ, असं ठरवून पेन्सिलीला टोकही काढलं.

ऑक्टोबरात भाच्याचा फोन आला. गाड्या देशाला मिळून शंभर. ४९.९९ लाख ही किंमत जाहीर व्हायच्या आधीच शंभरच्या शंभर बुक झालेल्या. मे महिन्यात गोल्फ जीटीआयच्या पहिल्या दीडशेंचंही तेच झालं होतं, ५३ लाखांना. किंमत ठाऊक नसताना लोक पैसे भरून मोकळे झाले होते. माझे काका असते तर त्यांना हे कुर्ल्याच्या फियाटसारखं ओळखीचं वाटलं असतं.

आई पडवीत बांगडे साफ करत होती. तिने विचारलं, कितके कमी केल्यानी? मी सांगितलं, काही नाही, शंभरच होत्या आणि संपल्या.

तिने विळीवरून मान वर केली. "शंभरच होते? मगे लिलाव कित्याक नाय केल्यानी?"