संगणकाचा मेंदू कसा घडतो

घर बांधताना गवंडी भिंत उचलतो. सुतार दाराची चौकट करतो. दोघांचे माप जुळले नाही, तर चौकट बसत नाही. मग बांधलेली भिंत फोडावी लागते. संगणकाचा मेंदू घडवतानाही हाच धोका असतो.

संगणक म्हणजे हिशेब करणारे यंत्र. बँकेत आपण ते पाहतो. मोबाईल हाही लहानसा संगणकच. त्याच्या पोटात नखाएवढी एक पातळ कपची असते. तिला प्रोसेसर म्हणतात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सारे तीच करते. तिच्यावर विजेची बारीक बटणे कोरलेली असतात, लाखांनी, हल्ली तर अब्जांनी. ती डोळ्यांना दिसत नाहीत.

हे काम एकट्याचे नव्हे. शेकडो इंजिनियर वर्षानुवर्षे खपतात. प्रमुख त्यांच्या तुकड्या पाडतो. एक तुकडी हिशेबाचा भाग आखते, दुसरी आठवण ठेवण्याचा. एक तुकडी नुसत्या चुका शोधते. कारण आराखड्यातली चूक खोडता येते. कारखान्यात ती कोरली गेली, की खोडता येत नाही.

अशी चूक किती महाग पडते, ते पाहा. अमेरिकेतल्या इंटेल कंपनीने 1993 साली पेंटियम नावाचा प्रोसेसर विकायला काढला. त्यात अशी 31 लाख बटणे होती. भागाकारासाठी आत एक कोष्टक कोरले होते, आपल्या पाढ्यांसारखे. त्यातल्या काही जागी हवे ते आकडे पडलेच नाहीत. त्यामुळे क्वचित एखादा भागाकार किंचित चुके.

1994 साली कंपनीच्या माणसांना ही चूक कळली. पण ती फार क्वचित घडते, म्हणून त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितली नाही. त्याच वर्षी टॉमस नाइसली नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांना ती सापडली. त्यांनी ती इतरांना कळवली. लोक संतापले. शेवटी डिसेंबरात कंपनीने मागेल त्याला प्रोसेसर बदलून देऊ केला. 47 कोटी 50 लाख डॉलरचा भुर्दंड बसला.

आम्ही जन्मभर शाळेत गणिते शिकवली. कधी फळ्यावर आमचीच चूक व्हायची. एखादे पोर उठून म्हणायचे, "गुरुजी, चुकलं." आधी राग यायचा. पण त्या पोराला खाली बसवले असते, तर साऱ्या वर्गाने तीच चूक वहीत उतरवली असती.

प्रमुखाचे खरे काम हेच. "चुकलं" म्हणणाऱ्याला गप्प करू नये. त्याचे आधी ऐकावे.

तुम्ही आता वाचायला शिकलात. बचतगटाच्या वहीत चूक दिसली, तर बोला. शाई वाळण्याआधी बोला.