कुत्र्याच्या अंगावरील गाठ

घरच्या कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवीत असता बोटांना एखादी गाठ लागते. मग घरात दोन मते निघतात. एक म्हणतो, 'चरबी असेल, जिरेल आपोआप'. दुसरा म्हणतो, 'कर्करोगच हा!' दोघेही बोटांनी निदान करू पाहतात, आणि तिथेच फसतात.

चाव्याची जखम आतून पिकली म्हणजे गरम, दुखरे गळू धरते. वयस्क कुत्र्यांत कातडीखाली मऊ, हलणारी चरबीची गाठ येते. ती बहुधा निरुपद्रवी असते. परंतु मास्ट नावाच्या पेशींचे घातक अर्बुदही हाताला कधी कधी तसेच मऊ लागते. कुत्रीच्या सडांजवळच्या गाठींपैकी तर सुमारे निम्म्या घातक निघतात.

मग ओळखावे कसे? पशुवैद्य बारीक सुईने गाठीतील थोड्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यासाठी बहुधा भूलही लागत नाही. सुईने उलगडा झाला नाही, तर गाठीचा लहान तुकडा काढून तपासतात. जनावरांच्या रोगांचा असा शास्त्रीय तपास पुण्याला नवा नाही. १८८९ साली त्यासाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली ती पुण्यातच. पुढे ती हिमालयातील मुक्तेश्वरास गेली.

रस्त्यावरच्या कुत्र्यांत जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ आढळते. एका कुत्र्याच्या जिवंत रोगट पेशी संगाने दुसऱ्याच्या अंगी रुजून ती होते. दिसायला भयंकर, पण व्हिंक्रिस्टीनची दर आठवड्याला एक अशी काही इंजेक्शने दिली की बहुतेक कुत्री बरी होतात. हे औषध आपल्या अंगणातील सदाफुलीपासूनच मिळते. मात्र तिचा पाला वाटून कोणी कुत्र्याला पाजू नये. ती वनस्पती विषारी आहे.

गाठ सापडताच तारीख, जागा व आकार वहीत टिपून ठेवावा. ती पिळू नये, तिला लेप लावू नये. गाठ वाटाण्याहून मोठी असेल, महिनाभर टिकली, वाढू लागली वा फुटली, तर सुईची तपासणी करून घ्यावी. तोंड सुजून श्वास अडू लागला, किंवा पोट एकाएकी फुगून कोरड्या ओकाऱ्या येऊ लागल्या, तर मात्र सकाळची वाट पाहू नये. रात्री असेल तर रात्रीच पशुवैद्य गाठावा.