परसबाग, भाजीपाल्याची

घराच्या मागे, पुढे किंवा सभोवार असलेल्या मोकळ्या जागेत कुटुंबाच्या रोजच्या गरजेपुरता भाजीपाला पिकविण्यासाठी केलेली बाग. पाच माणसांच्या कुटुंबास वर्षभर भाजी पुरविण्यासाठी सु. २०० ते २५० चौ. मी. क्षेत्र पुरेसे मानतात. तथापि त्याहून पुष्कळ लहान जागेतही पालेभाज्या, मिरची, वांगी व मांडवावरचे दोनतीन वेल घेता येतात. महाराष्ट्रात परसबागेची परंपरा जुनी आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे ऋषिपंचमीस, बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य मानून माणसाच्या हातांनी पिकविलेल्या भाज्या खाण्याचा प्रघात आहे. त्या दिवशीचे अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, भोपळा हे जिन्नस पाहिले, तर पावसाळ्यातील परसात काय पिकत असे याची जणू यादीच हाती येते.

परसबागेचे दोन आधार म्हणजे वाफा आणि बी. पहिल्याविषयी बरेच लिहिले जाते. दुसऱ्याकडे मात्र दुर्लक्ष होते.

वाफे : जमिनीच्या पातळीपेक्षा उंच केलेल्या वाफ्यास गादीवाफा म्हणतात. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचावा व वाफ्यात पाय पडू नये, यासाठी त्याची रुंदी १ ते १.२ मी. ठेवतात; लांबी सोयीप्रमाणे व उंची सामान्यतः १५ ते २० सेंमी. असते. मातीत तिच्या निम्मे चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळतात. न तुडविलेली माती भुसभुशीत राहते, मुळांना हवा मिळते आणि जादा पाण्याचा निचरा होतो. कोकणातील मुसळधार पावसात वाफा ३० सेंमी. पर्यंत उंच करून कडांना जांभ्याचे चिरे लावणे हिताचे असते. ओली झाल्यावर फुगणाऱ्या व पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीतही गादीवाफा उपयुक्त ठरतो. मात्र तो सर्वत्र चांगलाच, हा समज बरोबर नाही. वाफा उंच असला की बाजूंनीही ओल उडून जाते. त्यामुळे सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण भागात, विशेषतः उन्हाळ्यात, सपाट किंवा किंचित खोलगट वाफाच बरा. त्यावर पालापाचोळ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे. वेलांचे मांडव बागेच्या उत्तर कडेस ठेवल्यास हिवाळ्यात त्यांची सावली इतर पिकांवर पडत नाही. गच्चीवर वाफे करताना वजनाचा विचार आधी करावा लागतो. ओल्या मातीचा १ चौ. मी. क्षेत्राचा व २० सेंमी. जाडीचा थर ३०० किग्रॅ. हून अधिक भरतो.

बी धरणे : घरच्या पिकाचे बी पुढील हंगामासाठी राखण्यास बी धरणे म्हणतात. कोणत्या पिकाचे बी परसात शुद्ध राहील, हे त्या पिकाच्या परागणाच्या रीतीवर अवलंबून असते. चवळी, गवार, वाल, मेथी व टोमॅटो ही पिके बहुतांशी स्वपरागित आहेत. पाचसहा निरोगी झाडे राखली, तरी त्यांचा वाण पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. नवशिक्याने आरंभ येथूनच करावा.

वांगी, मिरची व भेंडी यांत स्वपरागण होते, तसेच कीटकांमुळे काही प्रमाणात परपरागणही होते. शेजारच्या वाफ्यातील तिखट मिरचीचा पराग कमी तिखट मिरचीवर पडला, तर त्या बियांपासून पुढे आलेली काही झाडे तिखट निपजतात. म्हणून बियांसाठी राखलेल्या फांदीवर फुले उमलण्यापूर्वी मलमलीची पिशवी बांधतात व फळ धरल्यावर ती काढून फांदीला दोऱ्याची खूण करतात. भेंडीची कळी आदल्या संध्याकाळी टोकाशी दोऱ्याने बांधली तरी काम भागते.

भोपळा, काकडी, दोडका इ. वेलवर्गीय पिकांत नर व मादी फुले निरनिराळी असतात आणि परागण मुख्यतः कीटकांकडून होते. बीजोत्पादनाच्या शेतात टोमॅटोच्या दोन वाणांत सु. ५० मी. अंतर ठेवतात, तर या पिकांत ते सु. १,००० मी. पर्यंत ठेवावे लागते. परसात एवढे अंतर अशक्य असल्याने हाताने परागण करणे हाच उपाय उरतो. उमलण्याच्या बेतात आलेली नर व मादी फुले आधीच दोऱ्याने बांधून ठेवावीत, उमलण्याच्या वेळी नर फुलाचा पराग मादी फुलाच्या कुक्षीवर लावावा आणि मादी फूल पुन्हा बंद करावे. लाल भोपळ्याची फुले सकाळी उमलतात, दुधी भोपळ्याची व दोडक्याची सायंकाळी. त्यानुसार वेळ साधावी लागते. दुधी व लाल भोपळा किंवा काकडी व कारले यांचा परस्पर संकर होतो, ही समजूत निराधार आहे. दोडका व घोसाळे यांचा मात्र होऊ शकतो.

दुधी भोपळ्याच्या बाबतीत ही काळजी केवळ शुद्धतेसाठी नसते. जवळपास कडू भोपळ्याचा वेल असून त्याचा पराग दुधीवर पडला, तर त्या वर्षीचे फळ गोडच राहते, कारण गर हा मातृवेलाचा भाग असतो. त्यातील बी लावल्यावर येणाऱ्या वेलाची फळे मात्र कडू निघू शकतात. हा कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्यगटामुळे येतो. उष्मा वा पाण्याचा ताण यांमुळेही दुधी कधी कधी कडू होतो. कारण कोणतेही असो, शिजविण्यापूर्वी फोड चाखून पाहावी व कडू लागल्यास फळ टाकून द्यावे. कडू दुधीचा रस औषधी समजून पिणे धोक्याचे असून त्याने मृत्यूही ओढवले आहेत.

काही पिकांचे बी परसात धरण्याच्या खटपटीत पडू नये. कोबीला फुलावर येण्यासाठी दीर्घ थंडी लागते. त्याचे बी हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यासारख्या थंड भागात तयार होते. कांद्याचे बी मिळण्यास निवडक कांदे पुन्हा लावून डेंगळे येईपर्यंत थांबावे लागते, आणि बरीच झाडे नसल्यास वाण क्षीण होत जातो. संकरित वाणाचे बी धरणेही व्यर्थ असते, कारण त्याच्या पुढील पिढीत गुणांची फाटाफूट होऊन एकसारखी झाडे येत नाहीत. विकतच्या पाकिटावर ‘संकरित’ असा उल्लेख आहे का, हे म्हणून पाहून घ्यावे.

निवड : घरोघरी दिसणारी एक सवय अशी, की पहिली सुबक फळे भाजीला जातात आणि हंगामाच्या शेवटी उरलेले वाकडे, किडके फळ बियांसाठी राहते. असे काही वर्षे चालले, म्हणजे उशिरा फळणाऱ्या व दुबळ्या झाडांचीच निवड नकळत होत राहते आणि दोष वाणावर येतो. हंगामाच्या प्रारंभीच उत्तम झाड हेरून त्याला खूण करावी व त्याची दुसरीतिसरी फळे राखावीत. केवड्याने किंवा इतर विषाणुजन्य रोगाने ग्रासलेल्या झाडाचे बी घेऊ नये. वालवर्गीय पिकांतील काही विषाणू बियांमार्फतच पसरतात.

फळ खाण्याजोगे होणे आणि बी पक्व होणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. वांगे पिवळे पडेपर्यंत, काकडी पिवळी-तांबूस होईपर्यंत, भेंडी व शेंगा वाळेपर्यंत आणि दुधी आतल्या बिया खुळखुळेपर्यंत वेलावर वा झाडावर ठेवावी लागतात. पिकलेल्या टोमॅटोचा गर बियांसह एकदोन दिवस आंबवून धुतला, की बियांवरचे बुळबुळीत आवरण निघून जाते. मग बी सावलीत वाळवतात.

साठवण : बियांचे शत्रू ओल व उष्णता. सर्वसाधारण मर्यादेत बियांतील आर्द्रता १ टक्क्याने घटली किंवा साठवणीचे तापमान सु. ५° से. ने उतरले, तर बियांचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. चुलीवरच्या शिंकाळ्यात, राख घालून मडक्यात किंवा वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात बी ठेवण्याच्या जुन्या पद्धती याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत. राख ओल शोषते, शिवाय भुंगेऱ्यांच्या कवचास ओरखडे पाडून त्यांना शुष्क करते. घट्ट झाकणाची काचेची बरणी आज तेच काम करते, पण बी पुरते वाळले नसल्यास तिच्यात ते लवकर कुजते. कांद्याचे बी जेमतेम वर्षभर टिकते, भेंडी व मिरचीचे सु. दोन वर्षे, शेंगांचे तीन, टोमॅटो व काकडीचे चार वर्षे वा अधिक. कोकणाच्या दमट हवेत हा काळ घटतो. पेरणीपूर्वी वीस बिया ओल्या फडक्यात ठेवून उगवण मोजावी व ती कमी असल्यास बी दाट पेरावे.

स्थानिक वाण व कायदा : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी वालाच्या अनेक प्रकारांसह भाज्या व धान्ये यांचे स्थानिक वाण जतन केले. त्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. वनस्पतींचे वाण व शेतकऱ्यांचे हक्क यांच्या संरक्षणासाठी २००१ मध्ये केलेल्या केंद्रीय कायद्यानुसार शेतकऱ्यास संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवघेवीचा व विकण्याचा हक्क आहे. व्यापारी नाममुद्रेखाली मात्र ते विकता येत नाही. नवी दिल्ली येथे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन केंद्राच्या जनुकपेढीत बियांचे नमुने दीर्घकाळासाठी सु. −१८° से. तापमानात ठेवतात. तेथे ठेवलेला वाण होता तसा राहतो. परसात दरवर्षी पेरला जाणारा वाण त्या जागेची माती, रोग व पाऊस यांच्याशी जुळत थोडाथोडा बदलत जातो, आणि असे जुळलेले बी पेढीतून मिळत नाही.