गाठीतला तांबूस रंग

१८८६ साली बर्लिनच्या परिषदेत हेलरीगेलने सांगितलं, की शेंगवर्गीय पिकं हवेतला नत्र वापरतात ते मुळांवरच्या गाठींमुळे. दोनच वर्षांत हॉलंडच्या बायरिंकने त्या गाठींतले जिवाणू वेगळे काढले. पण हे जिवाणू, म्हणजे रायझोबियम, एकटे ठेवले की नत्र बांधेनात. ते जमायला जवळपास नव्वद वर्षं गेली.

खुणा तशा हाताशी होत्या. विनोग्राडस्कीला १८९०च्या दशकात मातीत एकट्यानेच नत्र बांधणारा क्लॉस्ट्रिडियम जिवाणू मिळाला होता. तो ऑक्सिजन नसेल तिथेच वाढणारा. १९०१मध्ये बायरिंकलाच तसाच एकटा नत्र बांधणारा ॲझोटोबॅक्टर सापडला, त्याचं ऑक्सिजनवाचून पान हलत नाही. काम एकच, राहणी उलटी! १९६०मध्ये अमेरिकेत कार्नाहन आणि सहकाऱ्यांनी क्लॉस्ट्रिडियमच्या फोडलेल्या पेशींच्या अर्काकडून नत्र बांधून घेतला, आणि नायट्रोजिनेज या विकराचा अभ्यास मार्गी लागला. हे विकर भलतंच नाजूक निघालं. त्याच्या दोन प्रथिनांपैकी एक तर हवा लागताच मिनिटभरात निम्म्याहून अधिक निकामी होतं, तेही कायमचं. दुसरीकडे, नत्राचा एक रेणू बांधायला एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे, किमान १६ रेणू लागतात. एवढी ऊर्जा श्वसनातून मिळवायची तर ऑक्सिजन हवाच.

ॲझोटोबॅक्टरचा मार्ग उधळ्याचा. श्वसन इतकं वाढवायचं, की आत शिरलेला ऑक्सिजन विकरापर्यंत पोचण्याआधीच संपावा. साखर वारेमाप जळते, जळू दे. डाल्टन आणि पोस्टगेट यांनी १९६९मध्ये ही कल्पना मांडली.

गाठींची तऱ्हा मला जास्त हुशारीची वाटते. काम करणारी गाठ नखाने फोडली तर आत तांबूस दिसते. जपानच्या कुबोने १९३९मध्येच ओळखलं होतं, की हा रंग हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनाचा आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या या नातलगाचं मुळात काय काम, यावर मात्र तर्कच चालत राहिले. १९७०च्या दशकात उलगडा झाला: हे प्रथिन, म्हणजे लेगहिमोग्लोबिन, ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूंपर्यंत बेताबेताने पोचवतं. हवेच्या संपर्कातल्या साध्या पाण्यात असतो त्याच्या मानाने गाठीतला मोकळा ऑक्सिजन हजारो पटींनी कमी असतो, तरी पुरवठा तुटत नाही. १९७५मध्ये तर काही प्रयोगशाळांनी योग्य खाद्य आणि अगदी थोडा ऑक्सिजन देऊन रायझोबियमच्या काही वाणांकडून गाठीबाहेरही नत्र बांधून घेतला. २००५मध्ये उलट बाजूने पडताळा आला. एका शेंगवर्गीय रोपात लेगहिमोग्लोबिन बनूच दिलं नाही. गाठी आल्या, आत जिवाणूही होते. मोकळा ऑक्सिजन मात्र वाढला आणि नत्र बांधणं थांबलं.

ऑक्सिजन फार घटला तरी गाठ अडतेच. मराठवाड्यात, विदर्भात वावरात पाणी साचून सोयाबीन पिवळं पडतं, त्यात गाठी गुदमरण्याचाही वाटा असतो. रुंद वरंबा-सरीवर पेरलं तर पाणी सरीतून निघून जातं आणि मुळांना हवा मिळत राहते.