रुपयातील चांदी आणि दोन महायुद्धे

जुनी चांदीची नाणी जमविणे हा धनिकांचा षौक होय, अशी एक समजूत आहे. ती पुरती खरी नव्हे. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत लक्ष्मीपूजनाच्या तबकात एखादा राणीछाप रुपया पिढ्यान्‌पिढ्या मांडला जातो. त्या घरी संग्रहाचा आरंभ झालेलाच असतो. उणीव असते ती फक्त त्या नाण्याचा इतिहास जाणून घेण्याची.

तो इतिहास कलकत्त्यात विशेष स्पष्ट दिसतो. हुगळीच्या काठी, स्ट्रँड रोडवर, ग्रीक देवालयाच्या धर्तीवर बांधलेली जुनी टांकसाळ उभी आहे. तेथे १८२९ साली नाणी पडू लागली. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबईची खूण म्हणून बारीकसा ठिपका असे. कलकत्त्याच्या रुपयावर काहीच नसे. खूण नसणे हीच त्याची खूण!

हा रुपया बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा होता आणि त्याच्या बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. म्हणून तर ‘रुपयाभार’ हे माप रूढ झाले. पण पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव एवढा चढला की, नाण्याच्या दर्शनी किमतीपेक्षा त्यातील धातूच महाग झाला. अशा वेळी नाणे बाजारात राहत नाही. ते मुशीत किंवा मडक्यात जाते. सरकारने १९१७ साली एक रुपयाची नोट काढली. अमेरिकेने १९१८ साली पिटमन कायदा करून आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळविले व ती चांदी हिंदुस्थानाकडे धाडली.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रसंग अधिक उग्र रूपाने आला. १९४० साली फ्रान्स पडल्यावर लोकांचा नोटांवरील विश्वास डळमळला आणि चांदीचे रुपये भराभर घराघरांत दडले. सरकारने पुन्हा एक रुपयाची नोट काढली व रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. उरलेल्या निम्म्यात तांबे चाळीस टक्के, निकेल पाच टक्के व जस्त पाच टक्के. राजाचा मुखवटा तोच, वजनही तेच. मात्र बनावट नाणी ओळखता यावीत म्हणून कडेला खाच आली. पुढे १९४१ ते १९४३ या काळात व्हिक्टोरिया, एडवर्ड व जॉर्ज यांचे अस्सल रुपये क्रमाक्रमाने चलनातून रद्द झाले. ज्या शेतकऱ्याने आयुष्याची पुंजी अशा रुपयांत साठविली होती, त्याला मुदतीत ते भरून नोटा वा हिणकस रुपये घ्यावे लागले. आणि त्याच १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. हातातल्या रुपयाला मूठभर तांदूळही मिळेना, तेव्हा त्यातील चांदी कितीशी उपयोगी पडणार?

युद्धकाळात अमेरिकेने हिंदुस्थानास २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी दिली होती. ती चांदीच्याच रूपाने परत करावयाची होती. त्यासाठी निम्म्या चांदीचे रुपये परत घेऊन कलकत्त्यात त्यांतील चांदी गाळून काढण्यात आली आणि १९५७ साली ते ऋण फिटले. तत्पूर्वी, १९ मार्च १९५२ रोजी, अलीपूरच्या नव्या टांकसाळीचे उद्घाटन त्या वेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या हस्ते झाले होते.

स्वतंत्र भारताने पुढे स्मारक म्हणून चांदीची नाणी काढली. १९६९ सालचे गांधी-शताब्दीचे दहा रुपयांचे नाणे पंधरा ग्रॅमचे असून त्यात ऐंशी टक्के चांदी आहे. असे नाणे स्मरणासाठीच जन्मते. युद्धातला रुपया मात्र नकळत स्मारक झाला.

म्हणून नवशिक्या संग्राहकाने नाण्याचे साल पाहावे, कड निरखावी, वजन करावे. पण लखलखाट यावा म्हणून ते घासू नये. घासल्याने अक्षरे झिजतात व त्यांबरोबर पुरावाही. आणि सराफाकडे मोडीत घालण्यापूर्वी एवढा विचार करावा की, चांदी पुन्हा विकत मिळते. दोन महायुद्धांतून निभावून आलेला रुपया एकदा वितळला की पुन्हा पाडता येत नाही.