एमसीबी नेमके कशाला जपतो?
यंत्रमागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या माधवनगरात घरच्या गॅरेजमध्येही ग्राइंडर, कटर चालतात. एमसीबी (जादा प्रवाह होताच वीज तोडणारा स्विच) सारखा पडू लागला की ‘१० काढून २० अँपिअरचा बसवा’ असा सल्ला मिळतो. पण एमसीबी जपतो वायरिंगला, यंत्राला नव्हे. पाण्याचा पाट अरुंदच ठेवून दार जास्त उघडले तर पाट फुटतो. मोठा एमसीबी बसवला की बारीक वायर तशीच तापून जळते.

२,२०० वॅटचा कटर २३० व्होल्टवर साधारण साडेनऊ अँपिअर घेतो; सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. म्हणून मेन बोर्डापासून २.५ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचा सॉकेट, ‘सी’ प्रकारचा १६ अँपिअर एमसीबी आणि पक्के अर्थिंग घ्यावे. शॉकपासून बचावासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती ओळखणारा स्विच) वेगळा लागतो.