‘डॉक्टर’ कोणास म्हणावें?

संग्रामपूर हा बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागांतील, सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेला तालुका. अशा ग्रामीण भागांत एम्. बी. बी. एस्. झालेला असो, आयुर्वेदाचा पदवीधर असो, होमिओपाथ असो, कीं सुई टोंचणारा कंपाउंडर असो, रोग्याच्या तोंडीं सर्वांस एकच संबोधन असतें : ‘डॉक्टरसाहेब’! रोगी आदरानें बोलतो, यांत त्याचा दोष नाहीं. परंतु त्या एका शब्दाच्या भरंवशावर तो आपला जीव दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. म्हणून तो शब्द कोणीं धारण करावा, हा प्रश्न केवळ मानापमानाचा राहत नाहीं.

वस्तुतः ‘डॉक्टर’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ शिक्षक. इंग्लंडांत शस्त्रवैद्य आजहि स्वतःस ‘मिस्टर’ म्हणवितात; लंडनमध्यें १७४५ पर्यंत शस्त्रवैद्य व न्हावी यांचा संघ एकच होता, त्याची ही खूण. सारांश, कौशल्य उपाधींत नसतें, शिक्षणांत असतें.

आपल्याकडे १९१६ च्या वैद्यकीय पदव्यांच्या कायद्यानें, पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी नसतां ती असल्याचा भास उत्पन्न करणारी उपाधि लावणें दंडनीय ठरविलें. त्याच कायद्याचा आधार घेऊन केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानें ९ सप्टेंबर २०२५ रोजीं, फिजिओथेरपी करणाऱ्यांनीं ‘डॉक्टर’ लावूं नये, असें कळविलें. आणि अधिक विचार हवा म्हणून दुसऱ्याच दिवशीं तें मागें घेतलें! त्याच वर्षींच्या नव्या अभ्यासक्रमांत तर नांवाआधीं ‘डॉ.’ व नांवानंतर ‘पी. टी.’ लावण्याची सूचना होती.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पक्षाघातानें लुळा पडलेला हात ज्याच्या परिश्रमानें पुन्हां हलूं लागतो, त्याचें कौशल्य कोण कमी लेखील? पण छातींत कळ आली असतां, ‘डॉक्टर’ ही पाटी पाहून त्याच्याच दारीं धांव घेतली, तर अमोल घटका वायां जातात. मोठें रुग्णालय जेथें दूर, तेथें ही चूक फारच महाग पडते.

आमच्या मतें, उपाधि हिरावून घेण्यापेक्षां ती पूर्ण लिहिण्याची सक्ति अधिक हितकर. पाटीवर विद्याशाखा, पदवी व नोंदणीक्रमांक मराठींत ठळकपणें असावेत. महाराष्ट्रांत अॅलोपथी, आयुर्वेद व होमिओपथी यांच्या नोंदणीच्या परिषदा निरनिराळ्या आहेत. तेव्हां वडीलधाऱ्यांस औषध सुरू करण्यापूर्वीं घरांतील सुशिक्षित मुलासुनांनीं, “आपली पदवी कोणती? नोंदणी कोणत्या परिषदेकडे?” एवढें नम्रपणें विचारावें. सच्चा चिकित्सक या प्रश्नानें रागावणार नाहीं. आणि कोणी रागावलाच, तर तेंहि एक उत्तरच होय.